केबलचोराला शनिमहाराज बघतील, पण पाइपलाइन खाणाऱ्याला कोण बघणार?

प्रवराकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं गाव नेवासा तालुक्यात, शिंगणापूर आमच्यापासून फार लांब नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, आमच्या विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटारीची केबल रात्रीत कापून नेली. विहिरीपासून स्टार्टरच्या पेटीपर्यंतची सगळी. शेतकऱ्याला माहितीये केबल जाते म्हणजे काय होतं, कांदा भरणीला आलेला, लाइट रात्रीची, आणि दुकानात गेलं की रोख पैसे टाकल्याशिवाय केबल मिळत नाही. चोर काय करतो, वरचं प्लास्टिक जाळतो आणि आतलं तांबं किलोवर विकतो. आमच्या शेजाऱ्याची आधी गेली होती तेव्हा चौकीत नुसती नोंद झाली, पुढं काही नाही. म्हणून तात्या (माझे वडील) चौकीत गेलेच नाहीत. शनिवारी सकाळी आंघोळ केली, तेलाची बाटली घेतली, गाडीला किक मारली आणि थेट शिंगणापूर. मी मागं बसलो होतो. चौथऱ्यासमोर हात जोडून ते एवढंच म्हणले, "महाराज, नेली त्याला माहिती, तुम्हाला माहिती, मला नाव नको, पण कांदा वाळतोय." डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. येताना पारावर थांबून चार जणांना सांगितलं, मी शनीला सांगून आलोय.

पाचव्या दिवशी सकाळी विहिरीच्या कडेला गोणी होती. आत केबल, तीन तुकडे केलेली. आजपर्यंत कोण ते कळलं नाही आणि तात्यांनी कधी विचारलं पण नाही. जोड मारून तीच केबल अजून चालू आहे.

आता दुसरी गोष्ट. गावात पाण्याची स्कीम आली. कागदावर पाइप तीन फूट खोल आहे. ट्रॅक्टर गेला की फुटतो, कारण तो तीन फुटांवर नाहीच, हे शेंबड्या पोराला पण दिसतं. टाकी उभी आहे, पाणी आठवड्यातून एकदा. बिल निघालं. सगळ्या गावाला माहिती आहे आणि सगळं गाव गप्प आहे.

मी तात्यांना म्हणलं, चला की परत शिंगणापूरला, हे तर केबलच्या शंभर पट आहे. तात्या बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणले, "कोणत्या तोंडानं जाऊ? ठरावावर माझी पण सही आहे." शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो, ग्रामसभा झाली म्हणून सह्या घेतो, वरची जागा कोरी असते, ठराव मागून लिहितात. तात्यांनी पण केली होती सही, चहा पिता पिता.

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. केबल चोरणाऱ्याला देवाची भीती वाटली, गोणी परत आणून ठेवली. मोठं खाणाऱ्याला का वाटत नाही? आणि त्याला भीती वाटेल असं काय करायचं? तुमच्याकडं काय समजुती आहेत, काय अनुभव आहेत, लिहा.

सोनईची लेक

दादा, वाचून अंगावर काटा आला. माझं माहेर सोनई, शिंगणापूर म्हणजे आमचं अंगण. आजीबरोबर अमावस्येला जायचो, चौथरा उघड्यावर, वर छप्पर नाही, काळी शिळा आणि वरून धार धरलेलं तेल. आजी खालूनच हात जोडायची, बायकांना चौथऱ्यावर जाऊ देत नव्हते, ते २०१६ च्या पाडव्याला सुरू झालं, तोवर आजी गेली होती.

बाहेरच्या लोकांना वाटतं बिनदाराची घरं ही टीव्हीवरची गोष्ट आहे, पण जुन्या घरांना खरंच नुसती चौकट असायची, फळ्या नाहीत, कडी-कोयंडा नाही. पडदा असतो, कुत्रं शिरू नये म्हणून रात्री एक फळी आडवी लावतात, बस. माझ्या मावशीकडं धान्याची कणगी, पोरींचे दागिने सगळं त्याच घरात. बँकसुद्धा २०११ मध्ये आली ती बिनकुलपाची शाखा म्हणून आली, देशभर बातमी झाली होती.

पण एक खरं सांगते. २०१० मध्ये बाहेरून आलेल्या एका भाविकाच्या गाडीतून पैसे गेले तेव्हा पहिल्यांदा धक्का बसला, आणि २०१५ मध्ये गावात पोलीस स्टेशन झालं. म्हणजे जोवर सगळे सगळ्यांना ओळखत होते, हा अमक्याचा नातू, ती तमक्याची सून, तोवर शनीची भीती आणि गावाची लाज एकत्र काम करत होती. रोज हजारो माणसं यायला लागली, पैसा यायला लागला, तेव्हा लाज पातळ झाली. आणि २०२५ मध्ये तर काय ऐकलं, देवस्थानाच्या नावानं बनावट अॅप काढून पूजेचे पैसे घेतल्याची तक्रार, विधानसभेत विषय, सायबर पोलिसांत गुन्हा. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल, मी कुणावर बोट ठेवत नाही, पण त्या दिवशी मी खरंच रडले. ज्या देवाच्या भीतीनं माणूस दुसऱ्याच्या दाराला हात लावत नाही, त्याच देवाच्या नावावर.

देवगडकर

आमच्याकडे कोकणात हे काम गाऱ्हाण्याचं. काजू चोरीला गेले, नारळ पाडून नेले, बांधावरचा दगड रात्रीत सरकवला, तर माणूस आधी देवळात जातो. गुरव किंवा मानकरी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो, प्रत्येक ओळीला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. बाहेरच्याला वाटतं हा शाप आहे. नीट ऐका, आमच्या गावच्या म्हाताऱ्या मानकऱ्याचं गाऱ्हाणं अजून कानात आहे: "बा देवा म्हाराजा, ज्येनी कोणी ह्यां केल्यान असात तेका आधी सुबुद्दी दी, चूक झाली आसल्यास ती पदरात घे, आणि तरी आयकलो नाय तर मगे तुजा तू बघ." आधी सुबुद्धी मागायची, शिक्षा नंतर. आणि हे चार माणसांसमोर, मोठ्या आवाजात. चोर बहुतेक त्याच घोळक्यात उभा असतो आणि "व्हय म्हाराजा" म्हणत असतो. त्याच्या घशाखाली रात्री जेवण उतरत नाही, हे मी बघितलेलं आहे.

तात्यांनी पारावर चार जणांना सांगितलं ना, ते गाऱ्हाणंच झालं.

विवेकवाट

प्रवराकाठ, तात्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितोय, गैरसमज नसावा. केबल परत आली याचा आनंद आहे. पण चोर शोधायला देवाला मध्ये घेतलं की त्याची दुसरी बाजू पण असते, ती मी घरात पाहिली.

मी सातवीत असताना आमच्या नात्यातल्या एका घरात सोन्याची साखळी गेली. घरात काम करणाऱ्या बाई होत्या, त्यांच्यासकट सगळ्यांना मंतरलेले तांदूळ चावायला दिले. ज्याचे तांदूळ कोरडे राहतील तो चोर. आता भीतीनं कोणाच्याही तोंडाला कोरड पडते, गरिबाच्या तर आधी. बाईंचे तांदूळ कोरडे निघाले. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, पदरानं तोंड पुसलं आणि निघून गेल्या. साखळी दोन महिन्यांनी गादीच्या खोळीत सापडली. बाईंना परत बोलवायला कोणी गेलं नाही. मला तो पदर अजून दिसतो.

जुन्या काळी तर दिव्य होतं, उकळत्या तेलात हात घालून धातूचा तुकडा काढायचा, हात भाजला तर खोटा. मराठेशाहीतल्या कागदपत्रांत अशी दिव्यं नोंदलेली आहेत. आणि इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून अख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा गेला १९५२ मध्ये, पण आजही गावात चोरी झाली की पहिलं बोट पारध्याच्या पालाकडं जातं. तेव्हा देवाच्या दरबारात सगळे सारखे असं म्हणताना त्या दरबारात पकडून कोणाला आणलं जातं ते पण बघायला पाहिजे. मोठा माणूस तिथं कधी उभा केला जात नाही.

प्रवराकाठ

विवेकवाट दादा, गैरसमज अजिबात नाही. उलट तुम्ही जे लिहिलं ते तात्यांना वाचून दाखवलं. ते म्हणले, "म्हणूनच मी नाव घेतलं नव्हतं."

पोथीवाला

शेवटचं वाक्य धरून लिहितो, मोठा माणूस उभा केला जात नाही. आता मनुस्मृतीचं नाव काढलं की वाद होतो आणि तो व्हायलाच पाहिजे, पण आठव्या अध्यायात एक श्लोक आहे जो आपले पुढारी कधी म्हणत नाहीत. जिथं सामान्य माणसाला एक कार्षापण (तेव्हाचं नाणं) दंड, तिथं त्याच गुन्ह्यासाठी राजाला हजार. एकाला एक, राजाला हजार. आणि त्याच अध्यायात, चोरानं केस मोकळे सोडून खांद्यावर मुसळ घेऊन राजासमोर यायचं, मी चोरी केली, शिक्षा करा म्हणायचं. राजानं शिक्षा केली तर चोर सुटला, पण राजानं करायचीच टाळली तर ते पाप राजाच्या माथी. गौतम धर्मसूत्र आणखी पुढं जातं, चोरीचा माल सापडला तर मालकाला परत द्यायचा आणि नाहीच मिळाला तर राजानं आपल्या कोशातून भरून द्यायचा. विचार करा, तुमची केबल नाही सापडली तर सरकारनं भरून द्यायची.

महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या दोन भावांची गोष्ट आहे, व्यास युधिष्ठिराला सांगतात, युद्ध संपलंय आणि त्याला राज्य नको झालंय तेव्हा. लिखित भावाच्या आश्रमात गेला, भाऊ नव्हता, झाडाची पिकली फळं तोडून खाल्ली. सख्ख्या भावाच्या झाडाची फळं, आपण याला चोरी म्हणणार पण नाही. शंख आला, म्हणाला न विचारता घेतलंस, ही चोरी, जा राजाकडं आणि शिक्षा माग. लिखित गेला सुद्युम्न राजाकडं. राजा म्हणाला, शिक्षा करायचा अधिकार माझा तसा माफ करायचा पण माझाच, जा. लिखित ऐकेना. शेवटी राजानं त्याचे हात तोडले. मग शंखानं त्याला बाहुदा नदीत उतरून तर्पण करायला सांगितलं आणि हात परत आले. लिखितानं विचारलं, तुझ्यात एवढी ताकद होती तर आधीच मला शुद्ध का नाही केलंस? शंख म्हणाला, दंड द्यायचा अधिकार माझा नाही, तो राजाचा, आता तू पण शुद्ध झालास आणि राजा पण.

मला हे शेवटचं फार महत्त्वाचं वाटतं. न्याय केला की राजा शुद्ध होतो. आपल्याकडं आता आपल्या माणसाला वाचवणं यालाच नेतृत्व म्हणायला लागलेत.

निळाईतला (नागपूर)

पोथीवाला काका, तुमचा अभ्यास मान्य, पण त्याच मनुस्मृतीत त्याच गुन्ह्याला जात बघून वेगवेगळी शिक्षा आहे, तेही लिहायला हवं होतं. एक श्लोक वेचून काढला की बाकीचं झाकलं जातं. आमच्या लोकांनी ते बाकीचं भोगलंय, त्यामुळं मला तिथून प्रामाणिक राजा शोधायला जमत नाही.

मी लहानपणापासून विहारात "अदिन्नादाना वेरमणी" म्हणत आलोय, न दिलेलं घेणार नाही. त्यात देव मारेल असं कुठंच नाही, मीच मला शब्द देतो. आणि दीघनिकाय या बौद्ध ग्रंथात चक्कवत्ती सीहनाद सुत्त आहे. राजानं सगळं राज्य नीट चालवलं पण गरिबाला धन दिलं नाही. गरिबी वाढली, त्यातून पहिली चोरी झाली. चोराला पकडून आणलं, तो म्हणाला, पोट भरत नाही. राजानं त्याला पैसे दिले. लोकांनी ऐकलं, चोरी केली की पैसे मिळतात, आणखी चोऱ्या. मग राजा चिडला, चोराची धिंड काढून नगराच्या दक्षिणेला नेऊन मुंडकं उडवलं. मग लोकांनी काय केलं, त्यांनी पण धारदार शस्त्रं करून घेतली, आता ते लुटतानाच मारून टाकायला लागले, म्हणजे साक्षीदार उरायला नको. माणसाचं आयुष्य ऐंशी हजार वर्षांवरून चाळीस हजारांवर आलं असं सुत्त सांगतं.

आणि कूटदंत सुत्तात पुरोहित राजाला सांगतो, चोरांना मारून, डांबून हे थांबणार नाही, शेतकऱ्याला बी-बियाणं दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला वेतन दे. राजानं तसं केलं. मग लोक आपली लेकरं मांडीवर नाचवत घराची दारं उघडी टाकून राहायला लागले.

दारं उघडी टाकून. तुमचं शिंगणापूर वाचताना मला हेच आठवलं.

पोथीवाला

निळाईतला, बरोबर बोललात, मी ते लिहायला हवं होतं. राहिलं हे चुकलंच. कूटदंताचं मला माहीत नव्हतं, आता मिळवून वाचतो.

सोनईची लेक

दारं उघडी टाकून... किती वेळा वाचलं मी हे.

आमच्या तालुक्यात दोन गोष्टी जवळजवळ आहेत हे कधी लक्षातच आलं नव्हतं. इकडं शिंगणापूर, चोरी केलीस तर महाराज सोडणार नाहीत. आणि तिकडं नेवाशाला प्रवरेच्या काठी तो खांब, जिथं माउलींनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली आणि शेवटी मागितलं काय, तर "जे खळांची व्यंकटी सांडो". खळ नष्ट होवोत असं नाही म्हणले, त्याच्या मनाचा वाकडेपणा जावो म्हणले. शाळेत रोज पसायदान म्हणत होतो, अर्थ आज कळला. देवगडकरांचं "आधी सुबुद्दी दी" पण तेच की.

हर्णैचा

आमच्याकडं चोरीच्या शिक्षेचं नाव काढलं की लोकांना फक्त हात कापणं आठवतं. कुराणात ती आयत आहे, नाकारत नाही. पण माझे आजोबा मासळी उतरवून आले की संध्याकाळी पोरांना दोन गोष्टी सांगायचे, त्या बाहेर कोणाला माहीत नसतात.

एक, मखजूम या बड्या घराण्यातल्या बाईनं चोरी केली. लोकांनी पैगंबरांच्या लाडक्या उसामाला रदबदली करायला पाठवलं. पैगंबर रागावले, उभं राहून म्हणाले, तुमच्या आधीचे लोक याच्यामुळंच बुडाले, मोठ्यानं चोरी केली की सोडायचे आणि गरिबानं केली की शिक्षा. माझ्या मुलीनं, फातिमानं चोरी केली असती तरी मी तिचा हात कापला असता. दुसरी, खलिफा उमर यांच्या काळात मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी ही शिक्षा थांबवली, कारण भुकेल्याची चोरी ही एकट्या चोराची चूक नसते.

आजोबा म्हणायचे, शिक्षा कडक असणं मोठी गोष्ट नाही, ती आपल्या पोरीपासून सुरू होते का ते बघा.

भीमाकाठ

मंगळवेढ्याचे दामाजीपंत कसे विसरलात सगळे? दुष्काळात बिदरच्या बादशहाचं कोठार उघडून लोकांना धान्य वाटलं. कायद्यानं बघितलं तर सरकारी मालाची अफरातफरच. पण लोकांनी त्यांना संत केलं आणि विठोबा विठू महार होऊन बादशहाकडं पैसे भरून आला अशी कथा आमच्याकडं लहान पोर पण सांगतं. फरक काय? दिवसाढवळ्या उघडलं, भुकेल्यासाठी उघडलं आणि स्वतःच्या घरात एक पायली नेली नाही. सरकारी माल गेला एवढ्यावरून चोर ठरत नाही, कोणाच्या घरात गेला ते बघायचं. आणि अजून एक, कथेतल्या देवानंसुद्धा हिशोब चुकता केला, पावती घेतली. माफ करून टाका म्हणला नाही.

सांगलीपेठ

आमच्या जैन धर्मात अचौर्य व्रताचे जे दोष सांगितलेत त्यात खोटं माप, भेसळ आणि चोरीचा माल विकत घेणं पण येतं. म्हणजे चोरीच्या केबलचं तांबं विकत घेणारा भंगारवाला पण तेवढाच चोर. माझं किराणा दुकान आहे, वडील काटा रोज सकाळी पुसून रिकामा शून्यावर आलाय का बघायचे, मग देवाला अगरबत्ती. क्रम तोच होता, आधी काटा मग देव. मी पण तसंच करतो.

कऱ्हाकाठ

देवाची भीती मोठ्यांना नसते असं सगळे म्हणतायत, मी म्हणतो त्यांना ती आपल्याहून जास्त कळते, ते ती वापरतात. निवडणुकीच्या आदल्या रात्री काय होतं? पाकीट येतं आणि त्याच्याबरोबर बेलभंडारा. उचल भंडारा आणि खंडोबाची शपथ घेऊन सांग मत कोणाला. आमच्या आळीत एका म्हातारीनं पाकीट घेतलं, भंडारा उचलला, आणि मग मतदानाच्या दिवशी दुसऱ्याला मत द्यायची इच्छा असून देता येईना म्हणून रडत होती. पैसे वाटणाऱ्याला खंडोबाची भीती नाही, पैसे घेणारीला आहे. तिच्या श्रद्धेनंच तिला बांधून टाकलं.

मी तिला म्हणालो, आजी, चोरानं घ्यायला लावलेली शपथ देव मोजत नाही. पण तिला पटलं नाही, आणि खरं सांगू, मला पण म्हणताना खात्री नव्हती.

देवगडकर

कऱ्हाकाठ, फार वाईट वाटलं वाचून. आमच्याकडे पण नारळावर हात ठेवून घेतात.

माळरान

सगळं वाचलं. माझं मत जरा वेगळं. आपण अजून कोणीतरी येईल याची वाट बघतोय, शनी येईल, नाहीतर रामशास्त्री येईल, १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाल्यावर राघोबादादाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा. असा माणूस शंभर वर्षांत एक होतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं, धर्मात भक्ती असेल मुक्तीचा मार्ग, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते.

नगर जिल्ह्यातच बघा ना. राळेगणला अण्णा हजारेंनी सुरुवात यादवबाबांच्या मंदिरापासूनच केली, गावानं देवळात बसून दारूबंदी ठरवली. म्हणजे श्रद्धा होतीच, पण तिथं थांबले नाहीत, माहिती अधिकारासाठी उपोषणं केली, महाराष्ट्रात २००२ ला कायदा झाला, देशात २००५ ला. लोकपाल कायदा २०१३ चा. आणि हिवरे बाजार, १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाले, तिथं पाऊस किती पडला, विहिरीत पाणी किती आणि कोणतं पीक घ्यायचं हे ग्रामसभेत ठरतं, आकडे सगळ्यांसमोर. तिथं सरपंच चांगला मिळाला हे खरंच, पण गावाला आकडे वाचायची सवय लागली हे मला त्याहून मोठं वाटतं. सरपंच बदलला तरी सवय राहते.

पोथीवाला

माळरान, तरी माणूस लागतोच हो. सवय लावायला पण कोणीतरी पहिला लागतो. छत्रपतींनी १६७६ मध्ये सुभेदार रामाजी अनंतांना लिहिलं, रयतेच्या भाजीच्या देठालाही मन दाखवू नका. वरून असा कागद येतो तेव्हा खालचा अधिकारी सरळ चालतो. नुसत्या आकड्यांनी नाही होत.

माळरान

काका, कागद आला होता हे खरं. पण तो कागद रयतेला वाचून दाखवला तर देठ वाचतो. आपल्या गावात ठराव रयतेची सही घेऊन मग लिहितात.

निवृत्त ग्रामसेवक

३१ वर्षं नोकरी केली, नाव नको. प्रवराकाठ, कामाचं सांगतो, नीट लिहून घ्या.

ग्रामसभा वर्षाला किमान चार व्हायला पाहिजेत. सही रजिस्टरवर घरी करायचीच नाही, सभेत, ठराव वाचून झाल्यावर, आणि सहीच्या वर मोकळी जागा असेल तर तिथं तिरकी रेघ मारायची, म्हणजे मागून काही लिहिता येत नाही. पैशाची सामान्य रोकडवही म्हणजे नमुना ५, ती मागा. पाइपलाइनचं खरं पुस्तक वेगळं असतं, मोजमाप पुस्तक, आम्ही एमबी म्हणतो, इंजिनिअरकडं असतं. त्यात खोदाईची लांबी, रुंदी, खोली लिहिलेली असते आणि बिल त्याच्यावरच निघतं. माहिती अधिकारात दहा रुपये भरून नुसत्या प्रती मागू नका, "अभिलेखाची पाहणी करायची आहे" असं पण लिहा, म्हणजे समोर बसून पान उलटता येतं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वित्त आयोगाच्या पैशातून काही झालं असेल तर ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून खर्च दिसतो, मोबाईलवर.

आणि एकटे जाऊ नका. एकट्या माणसाला आम्ही फिरवतो, दहा माणसं आली की कपाटाची चावी सापडते. हे मी स्वतः केलेलं आहे, आज वाईट वाटतं म्हणून सांगतोय.

विवेकवाट

काका, हे लिहायला धैर्य लागतं. मनापासून आभार.

प्रवराकाठ

मंडळी, धागा वर काढतोय, मध्ये दोन महिने गेले.

एमबीची पाहणी मागितली, आधी साहेब दौऱ्यावर, मग कपाट बंद, तिसऱ्या वेळेला आम्ही अकरा जण गेलो, त्यात सहा बाया होत्या, हंडे भरून वैतागलेल्या. पुस्तक मिळालं. खोली लिहिलीये नव्वद सेंटिमीटर, सगळीकडं, एका इंचाचा फरक नाही, खडकात पण नव्वद आणि काळ्या मातीत पण नव्वद.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत शिपायानं रजिस्टर पुढं केलं तेव्हा तात्या उठले. त्यांना बोलायची सवय नाही, आवाज थरथरत होता. म्हणले, "मागच्या वेळी मी न वाचता सही केली, चूक माझी. गावासमोर सांगतो. आज आधी वाचा, मग सही." एक मिनिट कोणी बोललं नाही. मग मागून एक बाई म्हणाली, वाचा की. मग सगळेच म्हणायला लागले, देवगडकर, तुमचं "व्हय म्हाराजा" आठवलं मला तिथं. ठराव वाचला गेला. पाच ठिकाणी खोदून बघायचं असं त्यात लिहून घेतलं, आणि सहीच्या वर तात्यांनी रेघ मारली.

काल पहिला खड्डा घेतला, मारुतीच्या देवळामागं. ग्रामसेवक, इंजिनिअर साहेब, निम्मं गाव. पाइप लागला तसा सगळे गप्प झाले. इंजिनिअर साहेबांनी टेपचं वरचं टोक धरलं आणि खालचं टोक धरायला तात्या स्वतः खड्ड्यात उतरले, गुडघे दुखतात तरी. पाइपच्या पाठीवर टेप टेकवून मला म्हणले, वाच मोठ्यानं.

एकोणचाळीस सेंटिमीटर.

पंचनाम्यावर लिहून घेतलं. उद्या सकाळी दुसरा खड्डा, शाळेजवळ.